कॉम्प्युटर चालू होईना? फॉर्मेटची घाई करू नका



आजचा विषय जरा वेगळा आहे. शेळीचा आजार, सोयाबीनचं बियाणं, बाळंतिणीचा आहार यांवर आपण नेहमी बोलतो. आज कॉम्प्युटरच्या आजारपणावर बोलू या. कॉम्प्युटर चालू होईना झाला तर काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि तो धडधाकट असतानाच कोणती तयारी करून ठेवायची, एवढं आज सांगायचं आहे. ज्यांना कॉम्प्युटर चालवता येत नाही त्यांनीही ऐका. कारण त्यातला हिशोब तुमचाही आहे.

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. पहिली चार सूत्रं आपण कष्टानं पाळतो. पण ती पाळली याचा पुरावा पाचव्या सूत्रात असतो. बँकेचा साहेब कर्ज देताना आपली दप्तरंच पाहतो. आता ही दप्तरं नुसती वहीत नसतात. ग्रामसंघाचे ठराव, कर्जाचे अर्ज, चटणी-पापडाच्या ऑर्डरी, सभासदांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकांच्या प्रती, प्रशिक्षणाचे फोटो, हे सगळं एका कॉम्प्युटरमध्ये साठत जातं.

आणि एखाद्या दिवशी बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं, ठिपके गोल गोल फिरतात आणि पुढं काहीच होत नाही. कधी पडदा काळा राहतो, कधी निळा होतो. मग मशीन उचलून दुकानात न्यायची. दुकानदार म्हणतो, "विंडोज उडालंय ताई, फॉर्मेट मारावं लागेल." आपल्याला त्यातलं कळत नाही, म्हणून आपण मान हलवतो. संध्याकाळी मशीन चकाचक होऊन परत येते, पण आत काहीच नसतं. सगळ्या वर्षांचे हिशोब गेलेले असतात.

हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येतं. आज एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल: कॉम्प्युटर चालू होत नाही, याचा अर्थ आतला हिशोब गेला असा नाही. हिशोब जातो तो फॉर्मेट मारल्यावर.

"विंडोज उडालं" म्हणजे काय

कॉम्प्युटरच्या आत हार्ड डिस्क असते. नव्या मशीनमध्ये तिच्या जागी एसएसडी असते. तिला आपण घर समजू. या घरात दोन प्रकारच्या गोष्टी राहतात. एक म्हणजे घर चालवणारी कारभारीण, म्हणजे विंडोज. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पडद्यावर चित्र दाखवणं, कळफलकावरचं अक्षर ओळखणं, प्रिंटरला कागद काढायला सांगणं, ही सगळी कामं तिची. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं सामान, म्हणजे तुमच्या फाइली. हिशोब, फोटो, अर्ज.

कारभारीण आजारी पडली तर घर बंद पडल्यासारखं दिसतं. पण कणगीतली ज्वारी जागच्या जागी असते. विंडोज उडालं म्हणजे कारभारीण उठेना झाली. तुमच्या फाइली बहुतेक वेळा जशाच्या तशा असतात.

फॉर्मेट मारणं म्हणजे काय, तर घर धुऊन-पुसून रिकामं करायचं आणि नवी कारभारीण आणून बसवायची. घर पुन्हा चालू होतं हे खरं. पण धुताना ज्वारीही गेली. कधी कधी फॉर्मेट करावंच लागतं. पण ते शेवटचं औषध आहे, पहिलं नाही. आणि त्याच्या आधी सामान बाहेर काढून घ्यायचं असतं.

याला फार लांबचं पण मोठं उदाहरण आहे. १९ जुलै २०२४ ला शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या एका सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरची चुकीची अपडेट पाठवली. जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले आणि उठेनात. विमानतळावर रांगा लागल्या. आपल्या देशात काही ठिकाणी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या मशीन फॉर्मेट केल्या का? नाही. बिघडलेली फाइल काढून टाकली की मशीन उठत होती. त्यासाठी माणसांना एकेका टेबलाजवळ जावं लागलं, आणि मायक्रोसॉफ्टनं पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करायचं साधनही दिलं. मोठ्या मोठ्या कंपन्यांची कामं ज्या पेन ड्राइव्हनं मार्गी लागली, तसलाच पेन ड्राइव्ह आपल्या गटाकडेही असू शकतो. त्याला रिकव्हरी ड्राइव्ह म्हणतात. आपण त्याला दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह म्हणू.

विरजणाची गोष्ट

हा पेन ड्राइव्ह करतो काय? दह्याचं उदाहरण घेऊ. दही लावायला दही लागतं. घरातलं दही नासलं तर नासक्या दह्याचं विरजण आपण लावत नाही. शेजारणीकडून चमचाभर चांगलं विरजण आणतो.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. बटण दाबलं तेव्हा त्याला काहीच येत नसतं. त्याच्या आत एका बारक्या चिपमध्ये थोड्या सूचना असतात. त्या सांगतात, "जा, विंडोज कुठं आहे ते शोध आणि तिला उठव." तो हार्ड डिस्कवर जातो, विंडोजचा पहिला तुकडा उचलतो, त्यातून पुढचा, असं करत सगळी विंडोज उभी राहते. या उठण्याला 'बूट होणं' म्हणतात. तो पहिला तुकडाच बिघडला तर गाडी तिथंच थांबते.

अशा वेळी आपण सांगतो, "बाबा, हार्ड डिस्कवर जाऊ नको, या पेन ड्राइव्हवरून ऊठ." पेन ड्राइव्हवर विंडोजचा चांगला, छोटा तुकडा ठेवलेला असतो. त्यावरून कॉम्प्युटर उठतो, आणि उठला की आतली बिघडलेली विंडोज दुरुस्त करता येते. ज्याच्यावरून कॉम्प्युटर असा उठू शकतो, त्याला 'बूटेबल' म्हणतात.

पूर्वी हे काम फ्लॉपीवर व्हायचं. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात अशी एक स्टार्टअप फ्लॉपी करून ठेवायची पद्धत होती. नंतर सीडी-डीव्हीडी आल्या. विंडोज ७ मध्ये 'सिस्टीम रिपेअर डिस्क' नावाची सीडी करता यायची. ज्यांच्याकडे सीडी घालायची जागा असलेली जुनी मशीन आहे, त्यांना ती अजूनही करता येते. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर'मध्ये गेलं की ती सापडते. नव्या लॅपटॉपला सीडीची जागाच नसते, म्हणून आता पेन ड्राइव्ह.

लक्षात घ्या, विरजण शेजारणीकडं असतं म्हणून मिळतं. सगळ्यांचंच दही नासल्यावर धावून उपयोग नाही. हा पेन ड्राइव्ह मशीन चांगली असताना करून ठेवायचा आहे.

पेन ड्राइव्ह तयार करायची रीत

ही रीत विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहे. वही-पेन घ्या.

पहिलं, एक नवा पेन ड्राइव्ह आणा. निदान १६ जीबीचा लागतो, ३२ जीबीचा घेतला तर जागेची चिंता नाही. जुना वापरणार असाल तर त्यातलं सगळं आधी दुसरीकडं काढून घ्या. या कामात पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह चुकूनही वापरू नका.

दुसरं, लाइट टिकून असेल अशी वेळ निवडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. मध्येच लाइट गेली तर कॉम्प्युटरचं काही बिघडत नाही, पण पेन ड्राइव्ह अर्धवट होतो आणि पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

तिसरं, स्टार्टच्या बटणावर क्लिक करून इंग्रजीत 'रिकव्हरी ड्राइव्ह' असं टाइप करा. यादीत त्याच नावाचं चिन्ह येईल. ते उघडा. परवानगी विचारली तर 'येस' म्हणा.

चौथं, एक चौकोन दिसेल. त्याच्यापुढं 'बॅक अप सिस्टीम फाइल्स टू द रिकव्हरी ड्राइव्ह' असं लिहिलेलं असेल. त्यात बरोबरची खूण असू द्या. मग गरज पडली तर याच पेन ड्राइव्हवरून सगळी विंडोज नव्यानं बसवता येते. 'नेक्स्ट' दाबा.

पाचवं, पेन ड्राइव्ह लावा. यादीतून तोच निवडला आहे ना, हे दोघींनी मिळून बघा. 'नेक्स्ट', आणि मग 'क्रिएट'. आता थांबायचं. तासभर लागतो, जुन्या मशीनला त्याहून जास्त. तोवर बैठक उरकून घ्या.

सहावं, झाल्यावर पेन ड्राइव्हला रंगीत दोरा बांधा आणि चिठ्ठी लावा: कोणत्या मशीनचा, कोणत्या तारखेला केला. विंडोज सारखी बदलत असते, म्हणून हा पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्यानं करावा असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा महिना ठरवून टाका, म्हणजे विसरणार नाही.

आणखी एक काम त्याच दिवशी करा. काही मशीनमध्ये, खास करून नव्या लॅपटॉपमध्ये, सगळी हार्ड डिस्क कुलूपबंद असते. त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. दुरुस्तीच्या वेळी तो ४८ आकडी किल्ली मागू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं मशीन चालू केली असेल तर ही किल्ली बहुधा त्याच खात्यात ठेवलेली असते. ज्या ताईच्या मेलवरून मशीन सुरू केली, तिला घेऊन बसा, ती किल्ली शोधा आणि कागदावर उतरवून पेटीत ठेवा. किल्ली नसली तर दुकानदारालाही आतला हिशोब काढता येणार नाही.

कॉम्प्युटर उठेना, तेव्हा आधी काय बघायचं

अणदूरचं हॅलो मेडिकल फाउंडेशन आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. या बायका काही डॉक्टर नव्हत्या. पण साधं दुखणं कोणतं, ते गावात कसं बरं करायचं, आणि दवाखान्यात कधी पाठवायचं, हे त्या शिकल्या. आपल्यालाही कॉम्प्युटरच्या बाबतीत तेवढंच शिकायचं आहे. म्हणून आधी लक्षणं बघा.

बटण दाबलं आणि दिवाच लागला नाही, पंख्याचा आवाज नाही, तर दुखणं विजेचं आहे. वायर, बोर्ड, यूपीएस, चार्जर बघा. दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हचा इथं उपयोग नाही.

दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच येत नाही आणि नुसता बीप-बीप आवाज येतो, तर आतल्या एखाद्या भागाचं दुखणं आहे. दुकानात न्या. पण तुमच्या फाइली बहुधा शाबूत आहेत, हे लक्षात ठेवून न्या.

आतून टक्-टक् असा खडखडाट येतो, तर हार्ड डिस्कच दुखावली आहे. लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढतं. ही केस जाणकाराकडे.

कंपनीचं नाव येतं आणि त्यानंतर गाडी अडकते, पडदा निळा किंवा काळा होतो, किंवा मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत राहते, तर हे बहुधा विंडोजचं दुखणं आहे. इथं आपला पेन ड्राइव्ह कामाचा.

तो लावायच्या आधी एक साधी गोष्ट बघा. मशीनला दुसरा एखादा पेन ड्राइव्ह किंवा आत सीडी राहिली आहे का? कधी कधी कॉम्प्युटर तिथं विंडोज शोधत बसतो आणि उठत नाही. तो काढला की मशीन सरळ चालू होते. इतक्या साध्या कारणासाठी मशीन एसटीत घालून सोलापूरला न्यायची गरज नाही.

दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह वापरायची रीत

मशीन पूर्ण बंद करा. दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह लावा. चालू करा आणि लगेच एक ठरावीक बटण टक-टक दाबत राहा. डेल आणि लेनोव्हो असेल तर बहुधा एफ १२, एचपी असेल तर एस्केप आणि मग एफ ९. पडद्यावर यादी येईल. त्यात यूएसबी किंवा पेन ड्राइव्हच्या कंपनीचं नाव असेल, ते बाणाच्या बटणानं निवडून एंटर दाबा. आपल्या मशीनचं बटण कोणतं ते आजच बघून चिठ्ठीवर लिहून ठेवा.

कळफलक कोणता असं विचारलं तर 'यूएस' निवडा. मग निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' दिसेल, त्यावर जा. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. आणि त्यात 'स्टार्टअप रिपेअर'. हे पहिलं औषध. कॉम्प्युटर आपलं आपण तपासतो आणि उठायच्या वाटेत काय बिघडलं ते सुधारायचा प्रयत्न करतो. तुमच्या फाइलींना तो हात लावत नाही.

त्यानं नाही जमलं तर तिथंच 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. आदल्या दिवशी अपडेट झाली आणि आज मशीन उठेना, असं असेल तर ती अपडेट इथून काढता येते. 'सिस्टीम रिस्टोअर' म्हणूनही एक आहे. त्यानं विंडोज मागच्या एखाद्या चांगल्या तारखेवर जाते. त्या तारखेनंतर बसवलेली सॉफ्टवेअर जातील, पण तुमचे हिशोब, फोटो जात नाहीत.

आता कान देऊन ऐका. 'ट्रबलशूट'मध्ये 'रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह' असंही एक बटण असतं. नाव ऐकून वाटतं की आपलं सगळं परत मिळेल. पण ते उलटं आहे. ते दाबलं की तुमच्या फाइली आणि तुम्ही बसवलेली सॉफ्टवेअर पुसून विंडोज नव्यानं बसते. हिशोब बाहेर काढून झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आधी हिशोब बाहेर काढा

पहिल्या औषधांनी मशीन उठली नाही, तरी याच पेन ड्राइव्हवरून हिशोब बाहेर काढता येतो. त्यासाठी दुसरा एक रिकामा पेन ड्राइव्ह लागेल. तोही लावून ठेवा.

'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' आहे. ते उघडलं की काळी खिडकी येते. घाबरू नका. त्यात इंग्रजीत 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. रोजचं नोटपॅड उघडेल. त्यात 'फाइल' आणि मग 'ओपन'. खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स' असं लिहिलेलं असेल, ते बदलून 'ऑल फाइल्स' करा. आता तुम्हाला कॉम्प्युटरमधली कपाटं दिसतील. 'यूजर्स' नावाचं फोल्डर शोधा. त्यात तुमच्या मशीनचं नाव, आणि त्यात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'डाउनलोड्स'. नेहमी 'सी'मध्ये असणारं इथं 'डी' किंवा दुसऱ्या अक्षरात दिसू शकतं, त्यानं गोंधळू नका.

हवं ते फोल्डर निवडा, माउसचं उजवं बटण दाबा, 'कॉपी' म्हणा. मग त्याच खिडकीतून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर जा, पुन्हा उजवं बटण दाबा, 'पेस्ट' म्हणा. किती काम झालं याची पट्टी इथं दिसत नाही. मशीन अडकल्यासारखी वाटेल. पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे. थांबा. चहा ठेवा.

एकदा हिशोब बाहेर आला की मग फॉर्मेट मारा, नवी विंडोज बसवा, काहीही करा. भीती नाही.

मशीन आधीच बिघडली आहे आणि पेन ड्राइव्ह केलेलाच नाही, असंही असेल. तर दुसऱ्या गटाच्या चालू मशीनवर, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून विंडोज बसवायचा पेन ड्राइव्ह मोफत करता येतो. त्याला निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि चांगलं इंटरनेट लागतं. तो लावल्यावर 'इन्स्टॉल'च्या मागं लागू नका, 'रिपेअर' असं लिहिलेलं शोधा. आणखी एक वाट लिनक्सची आहे. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनं 'बॉस' नावाची लिनक्स तयार केली आहे. ती मोफत आहे आणि मराठीतही चालते. उबुंटूसारखी लिनक्स तर हार्ड डिस्कला हात न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालवता येते, आणि बिटलॉकर नसेल तर बंद पडलेल्या विंडोजच्या फाइली तिच्यातून दिसतात.

दुकानात जायची वेळ आली तर

सगळं आपल्याला जमेलच असं नाही. भारतवैद्य बाई जशी ठरावीक लक्षण दिसलं की पेशंटला दवाखान्यात पाठवते, तसं आपणही पाठवू. पण मशीन दुकानात ठेवून रिकाम्या हातानं परत यायचं नाही. चार गोष्टी सांगायच्या.

"आधी आमचा डेटा काढून द्या, मगच फॉर्मेट करा." हे वाक्य पाठ करा. विंडोज उठत नसली तरी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून फाइली काढता येतात, हे दुकानदाराला माहीत असतं. त्याचे पैसे वेगळे लागले तर द्या.

"पावतीवर लिहून द्या." काय बिघडलं, काय करणार, किती पैसे.

"आम्ही इथंच बसतो." त्या मशीनमध्ये सभासदांची आधार कार्डं, बँकेचे कागद आहेत. आपल्या तिजोरीची किल्ली आपण कुणाकडे सोडून जातो का?

आणि "विंडोज खरी बसवा, चोरीची नको." चोरीच्या विंडोजबरोबर व्हायरस फुकट येतो.

घरबसल्या फोन करून "मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे" असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट आपण होऊन असा फोन करत नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दोन पेन ड्राइव्ह, दोन कामं

एक गैरसमज काढून टाकू. दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवर तुमचा हिशोब नसतो. त्यावर फक्त विंडोज असते. हिशोबासाठी वेगळा पेन ड्राइव्ह हवा. म्हणून गटाकडं दोन असू द्या. लाल दोऱ्याचा दुरुस्तीचा, वर्षातून एकदा करायचा. हिरव्या दोऱ्याचा दप्तराचा, दर बैठकीला त्यावर हिशोबाची ताजी प्रत उतरवायची. आणि महत्त्वाचे कागद छापून फाइललाही लावा.

दोन्ही पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या टेबलात ठेवू नका. चोरी झाली, पाणी शिरलं, आग लागली, तर सगळं एकदमच जातं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आपल्या भागानं सोसला आहे. घर पडलं की घरातले कागदही ढिगाऱ्याखाली जातात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून मशीन एकीच्या घरी, तर पेन ड्राइव्ह दुसरीच्या.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी दप्तराचा पेन ड्राइव्ह जरा जास्त जपा. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची मदत बंद केली आहे. मशीन चालत राहील, पण नेहमीच्या सुरक्षेच्या अपडेट येणार नाहीत.

आणि याची नोंद ठेवा. आपल्या अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाची मूर्ती एक आणि मुक्काम दोन. देव एका गावाहून दुसऱ्या गावी निघाला की दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचीसुद्धा जिथं लेखी नोंद होते, तिथं गटाच्या पेन ड्राइव्हची नोंद करायला काय हरकत आहे? इतिवृत्ताच्या वहीत चार ओळी लिहा: "गटाच्या कॉम्प्युटरचा दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह अमुक तारखेला तयार केला. तो अमुक ताईंच्या ताब्यात आहे. दप्तराचा पेन ड्राइव्ह तमुक ताईंच्या ताब्यात आहे. बूट करायचं बटण अमुक. वापरायची रीत या दोघींना येते." दोघींना यायलाच हवी. एकटीला येत असेल आणि तिची सोयरीक लांबच्या गावी जुळली, तर गट पुन्हा अडकतो.

शेवटी एक काम देतो. पेन ड्राइव्ह तयार झाला की मशीन चांगली असतानाच एकदा तो लावून कॉम्प्युटर उठवून बघा. 'ट्रबलशूट'पर्यंत जा, काही न दाबता मागं या, 'टर्न ऑफ' करा. हे बघायला गटातल्या सगळ्यांना बोलवा. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या मावशींनाही एकदा बटण दाबू द्या. ज्या दिवशी खरंच निळा पडदा येईल, त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं, "थांबा, फॉर्मेट नको, आपला लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह आणा."

पुढच्या बैठकीत हे करा आणि कसं जमलं ते आम्हाला कळवा. कुठं अडलात ते कळवलंत, तर त्यावर पुढच्या कार्यक्रमात बोलू.